चोरालाच मत द्या

(गाडीचा मागचा बंपर, जवळून.)

हा स्टिकर नीट वाचा. 'चोरालाच मत द्या. महत्त्वाचं आहे.' साल 1991, राज्य लुइझियाना, अमेरिका. आणि गंमत म्हणजे हा स्टिकर त्या 'चोरा'च्या बाजूचा आहे.

निवडणूक गव्हर्नरची. आपल्या राजभवनातले राज्यपाल डोळ्यांपुढे आणू नका. तिकडचा गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्रीच, पण थेट लोकांनी निवडलेला.

(लुइझियानाची राजधानी बॅटन रूज. तिथलं विधान भवन.)

या 34 मजली इमारतीतून एडविन एडवर्ड्स यांनी त्याआधी तीनदा राज्य चालवलं होतं. डेमोक्रॅट, हजरजबाबी, पक्के जुगारी. भ्रष्टाचाराचा खटला दोनदा उभा राहिला. एकदा ज्यूरीचं एकमत होईना, दुसऱ्यांदा, 1986 मध्ये, ते निर्दोष सुटले. सुटले खरे, पण नाव व्हायचं ते झालंच होतं. 1987 च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी बडी रोमर यांच्या मागे पडल्यावर दुसरी फेरी न लढताच त्यांनी मैदान सोडलं.

आता हा दुसरा फोटो. 1970. अंगात नाझी गणवेश, हातात फलक. हा विद्यार्थी डेव्हिड ड्यूक. पुढे कू क्लक्स क्लॅन या पांढरे झगे घालणाऱ्या, गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या संघटनेच्या एका गटाचा म्होरक्या झाला. मग झगा उतरला, सूट चढला आणि 1989 मध्ये तो न्यू ऑर्लिन्सजवळच्या मेटॅरीतून रिपब्लिकन आमदार म्हणून निवडून आला. जुनं सगळं तरुणपणीचं, आता मी ख्रिस्ताला शरण गेलोय, असं सांगायचा. भाषणात रंगाचा उल्लेख नाही. फक्त फुकटची सरकारी मदत आणि कष्टकऱ्यांचा कर. बोट कुणाकडे, ते ऐकणाऱ्याला बरोब्बर कळायचं. आमदार झाल्यावरही त्याच्या कार्यालयात नाझी विचारांची पुस्तकं विकत मिळत. हे उजेडात आणलं ते त्याच्याच पक्षातल्या एका बाईंनी, ती पुस्तकं स्वतः विकत घेऊन.

लुइझियानात गव्हर्नरच्या निवडणुकीत पहिल्या फेरीला सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली, तर पहिले दोघे पुन्हा लढतात. हा नियम आणला होता खुद्द एडवर्ड्स यांनी. 19 ऑक्टोबर 1991 ला त्यांना सुमारे 34 टक्के, ड्यूकला 32. खुर्चीवर बसलेले रोमर तिसरे. बाद.

(वादसभेचं चित्रीकरण.)

हे नॉर्मन रॉबिन्सन, कृष्णवर्णीय पत्रकार. हातात कागद, आवाज जरा कापरा. ड्यूकची ज्यूंबद्दलची, काळ्यांबद्दलची जुनी वाक्यं ते त्याच्याच पुढ्यात मांडतात आणि सांगतात, मला भीती वाटते. मग ड्यूकचा चेहरा बघा. आम्ही इथे आवाज बंद ठेवलाय.

ज्या रोमर यांनी एडवर्ड्स यांच्या कारभारावर रान उठवलं होतं, त्यांनीही शेवटी एडवर्ड्स यांनाच पाठिंबा दिला. खिशात हात घालणारा निदान माहितीतला होता. मनातलं लपवून आलेल्याचं काय करायचं?

16 नोव्हेंबर. एडवर्ड्स 61 टक्के, ड्यूक 39. गोऱ्या मतदारांपुरतं मोजलं, तर मात्र ड्यूक पुढे होता.

पुढे 2000 मध्ये कॅसिनोच्या परवान्यांवरून एडवर्ड्स दोषी ठरले आणि आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिले. 2002 मध्ये ड्यूकनेही गुन्हा कबूल केला: करात लबाडी आणि आपल्याच समर्थकांची फसवणूक. त्यांच्या देणग्यांतला काही पैसा त्याने कॅसिनोत उडवला होता.