सर्टिफिकेट तपासलं, असं कोण म्हणतं?

[पडद्यावर: ब्राउझरचा ॲड्रेस बार, त्यातलं छोटं कुलूप]

हे कुलूप दिसण्याआधी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, बरीच चौकशी होऊन जाते. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, पुढे करतो. त्यावर सही कोणाची? सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का? मुदत संपली का? त्यावरचं नाव आणि आपल्याला हवी असलेली साइट एकच का? आणि त्या सर्टिफिकेटची खाजगी किल्ली, म्हणजे फक्त खऱ्या मालकाकडेच असायला हवा तो गुप्त आकडा, खरंच या सर्व्हरकडे आहे का?

यामागचं गणित भक्कम आहे. ते फोडायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. गडबड होते ती ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या कोडमध्ये.

[पडद्यावर: सी भाषेतला कोड, एकाखाली एक दोन सारख्या ओळी]

फेब्रुवारी २०१४. ॲपलने घाईघाईत आयफोनसाठी दुरुस्ती काढली, आयओएस ७.०.६. कोड खुला होता, त्यामुळे कारणही लगेच चव्हाट्यावर आलं. सर्व्हरची सही तपासणारं एक फंक्शन. प्रत्येक पायरीवर एक ‘इफ’: चूक सापडली, तर ‘गोटू फेल’, म्हणजे थेट शेवटाकडे उडी. एका जागी ही ‘गोटू फेल’ दोनदा पडली होती. पहिली इफच्या ताब्यात, दुसरी मोकाट. महिरपी कंस नसले की इफचा अंमल एकाच ओळीपुरता. दुसरी ओळही तेवढीच आत सरकवलेली, म्हणून माणसाची नजर फसते. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला मोकळ्या जागेशी देणंघेणं नसतं.

त्यामुळे उडी दर वेळी बसायची. प्रत्यक्ष सही पडताळणारी ओळ खालीच राहायची. आणि तोवर चूक सापडलेली नसल्याने उत्तर जायचं शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. नाव फेल, निकाल पास!

अशा वेळी वाटेत बसलेल्या हल्लेखोराला खोटं सर्टिफिकेट बनवावंच लागत नाही. साइटचं खरं सर्टिफिकेट कोणालाही मिळतं. तेच पुढे करायचं आणि किल्ली आपली सरकवायची. मॅकची दुरुस्ती आणखी चार दिवसांनी आली. तोवर चूक जगजाहीर झालेली होती.

पुढच्याच महिन्यात जीएनयू-टीएलएस या लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडची, पाळी. तिथे सर्टिफिकेट वाचताना घोळ झाला की फंक्शन ऋण आकडा परत करायचं. विचारणाऱ्याला हवं होतं फक्त हो किंवा नाही. सीमध्ये शून्य सोडून काहीही म्हणजे ‘हो’. वाचताच न आलेलं सर्टिफिकेट मंजूर!

[पडद्यावर: एक लांब डोमेन नाव, मधोमध लाल ठिपका]

२००९ साली दाखवली गेलेली युक्ती तर खोडकरच म्हणायची. सर्टिफिकेटमध्ये नावाची लांबी आधी लिहिलेली असते. सी मात्र शून्य बाइट दिसला की नाव संपलं असं धरते. मग बँकेचं नाव, मध्ये शून्य बाइट, पुढे स्वतःचं डोमेन. सर्टिफिकेट देणारी संस्था शेवटचं डोमेन बघते आणि ते अर्जदाराचंच असल्याने सही करते. ब्राउझर वाचतो फक्त बँकेचं नाव.

अशा चुका वर्षानुवर्षं टिकतात, कारण खरं सर्टिफिकेट कडक तपासणीतूनही जातं आणि ढिल्या तपासणीतूनही. साइट उघडते, टेस्ट हिरव्या, तक्रार कोण करणार? खोटी सर्टिफिकेटं मुद्दाम फेकून पाहिली तरच भोक दिसतं.

२०१४ मध्ये संशोधकांनी नेमकं तेच केलं. खऱ्या सर्टिफिकेटांचे तुकडे जोडून ८० लाखांहून जास्त विचित्र सर्टिफिकेटं घडवली आणि वेगवेगळ्या लायब्रऱ्यांना एकच प्रश्न विचारला: हे चालेल का? उत्तरांमध्ये २०८ विसंगती निघाल्या.

[पडद्यावर: ब्राउझरचा इशारा]

ब्राउझरही सुटले नाहीत. सर्टिफिकेट मुदत संपलेलं असेल आणि शिवाय स्वतःच स्वतःवर सही केलेलं असेल, तर काही ब्राउझर फक्त मुदतीचाच इशारा द्यायचे. वाचणाऱ्याला वाटणार, नूतनीकरण राहून गेलं असेल. आणि तो ‘पुढे जा’ दाबणार.