टीना टर्नर: अर्धं गाणं हळू, उरलेलं आपल्या स्टाइलने

पाय नंतर बघू, पाय सगळेच बघतात. आधी तिचा चेहरा बघा. 'प्राउड मेरी' सुरू झालंय, निदान बँडच्या मते तरी सुरू झालंय, गिटार दबकत दबकत वाजतेय, मागे तिघीजणी जागच्या जागी डोलतायत आणि अमेरिकन गायिका टीना टर्नर माइक हातात घेऊन पब्लिकशी चक्क गप्पा मारतेय. सांगतेय की तुम्हाला वाटत असेल, कधीतरी हिच्याकडून काहीतरी निवांत ऐकावं, पण आमचं काय आहे ना, निवांत असं आम्हाला काही जमतच नाही, तरी आज सुरुवात हळू करू आणि शेवट आमच्या स्टाइलने करू. लोक आत्ताच हसायला लागलेत, कारण पुढे काय होणारे ते त्यांना माहितीये.

गाणं मुळात तिचं नाही. जॉन फोगर्टीने लिहिलं, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडने १९६९ मध्ये गायलं, मध्यम लयीचं, अंघोळ करताना गुणगुणता येईल असं गाणं. टीना आणि तिचा तेव्हाचा नवरा आइक टर्नर यांनी ते उचललं आणि मधोमध कापलं. पहिला भाग सावकाश, खालून आइकचा खर्जातला आवाज, आणि मग ड्रम असा काही कडाडतो की विलंबितातून थेट द्रुत, मधलं काही नाहीच, आपल्याकडे मैफली ऐकणाऱ्यांना ही गंमत लगेच कळेल. १९७१ मध्ये हे रेकॉर्ड अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, ग्रॅमीसुद्धा मिळालं. पण रेकॉर्डवर हे गाणं निम्मंच ऐकू येतं, बाकीचं निम्मं बघायचं असतं.

आता बघा पाय. चौघींचे हात एकदम समोर येतात आणि गोल गोल फिरायला लागतात, गाणं नदीवरच्या बोटीचं आहे ना, तर त्या बोटीचं चाक. डोकं खाली, केस पुढे, उंच टाचांचे बूट आणि पावलं इतकी बारीक, इतकी भराभर की कॅमेऱ्याला नक्की काय पकडावं ते कळत नाही. आणि हे चालू असताना ती गातेय. गुणगुणत नाहीये, पूर्ण छातीतून गातेय.

लोक याला एनर्जी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. एनर्जी लग्नाच्या वरातीतपण असते हो. इथे दमसास राखायचा पक्का हिशोब आहे. नीट ऐका, सावकाश भागात ती लांब ओळी घेते, शब्द ओढते, कारण तेव्हा शरीर थांबलेलं असतं. लय वाढली की तिच्या ओळी आखूड होतात, धृपदाचा मोठा भाग मागच्या तिघी उचलतात, आणि सगळ्यात जोरदार नाच येतो तो नेमका बँडच्या तुकड्यावर, जेव्हा तिला गायचंच नसतं. नाच संपतो आणि ती बरोबर माइकवर हजर, श्वास जागेवर. बघणाऱ्याला वाटतं बाई बेभान झालीये. बाई अजिबात बेभान नाहीये.

हे ती शिकली कुठे? टेनेसी राज्यात नटबुश नावाचं बारकंसं गाव आहे, कापसाचा भाग. १९३९ चा जन्म, नाव अ‍ॅना मे बुलक. लहानपणी कापूस वेचला, बाप्टिस्ट चर्चच्या क्वायरमध्ये गायली. पुढे आईकडे सेंट लुइसला गेली आणि थोरल्या बहिणीबरोबर ईस्ट सेंट लुइसच्या क्लब मॅनहॅटनमध्ये जायला लागली, जिथे आइक टर्नरचा किंग्ज ऑफ ऱ्हिदम हा बँड वाजवायचा. एका रात्री मध्यंतरात ड्रमरने गंमत म्हणून बहिणीसमोर माइक धरला, बहीण नको म्हणाली, आणि ही सतरा वर्षांची काडीपैलवान पोरगी तोच माइक घेऊन ब्लूज गायक बी. बी. किंगचं गाणं गायला लागली. आइक वाजवता वाजवता चकित झाला, कारण त्या एवढ्याशा अंगातून असा आवाज येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

१९६० मध्ये 'अ फूल इन लव्ह' रेकॉर्ड करायच्या दिवशी ठरलेला गायक आलाच नाही, हिने गायलं आणि गाणं चाललं. मग आइकने तिला न विचारता तिचं नाव टीना टर्नर ठेवलं आणि ते नाव स्वतःकडे रजिस्टरपण करून टाकलं. का, तर उद्या ही निघून गेली तर दुसरी कोणीतरी आणून तिलाच टीना टर्नर म्हणून उभी करता येईल! हा नावाचा मुद्दा डोक्यात ठेवा, तो परत येणारे.

पुढची सोळा वर्षं नुसता प्रवास. आइक अँड टीना टर्नर रिव्ह्यू, म्हणजे बँड, आयकेट्स नावाच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली आणि मधे टीना. आज या गावात, उद्या त्या गावात, सुरुवातीला बहुतेक काळ्या लोकांचेच क्लब आणि थिएटरं, कारण वर्णभेदाच्या अमेरिकेत बाकीची दारं बंद होती. १९६६ मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडबरोबर इंग्लंडचा दौरा झाला. त्यांचा गायक मिक जॅगर पडद्याआडून रोज तिला बघायचा, आणि टीना पुढे हसत हसत सांगायची की त्याला पोनी ही स्टेप आम्ही पोरींनी शिकवली. जॅगर म्हणायचा, नाही, मला माझ्या आईने शिकवलं. आता दोघांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावा आणि तुम्हीच ठरवा, मी काही बोलत नाही.

६ मार्च १९७१ ला आफ्रिकेत घानाची राजधानी आक्रा इथे, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ब्लॅक स्टार स्क्वेअरमध्ये रात्रभर चाललेला सोल टू सोल कार्यक्रम झाला, त्यातही हा रिव्ह्यू होता.

आता जरा अवघड भाग. या काळातलं फुटेज जितकं बघावं तितकं भारी वाटतं आणि तितकंच अस्वस्थपण व्हायला होतं. कारण स्टेजवरच्या या मोकळ्या बाईला घरात, हॉटेलात, मेकअप रूममध्ये मार बसत होता. सुजलेला चेहरा झाकून ती स्टेजवर गेलीये, हे तिने स्वतः नंतर सांगितलंय. तरी एक गोष्ट म्हणावीच लागेल, त्या फुटेजमध्ये आइक कोपऱ्यात गिटार घेऊन उभा असतो, सगळ्यांवर नजर ठेवून, सगळे पैसे आणि निर्णय त्याच्या हातात, पण तुम्ही त्याच्याकडे बघत नाही. कोणीच बघत नाही.

१९७६ च्या जुलैमध्ये डॅलसला विमानतळावरून हॉटेलला जाताना गाडीतच मारामारी झाली, त्या दिवशी पहिल्यांदा तिने उलट हात उचलला. रात्री आइक झोपल्यावर ती तशीच बाहेर पडली, हायवे ओलांडून समोरच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. जवळ ३६ सेंट आणि पेट्रोल पंपाचं एक कार्ड. १९७८ मध्ये घटस्फोट झाला, त्यात तिने घर-गाड्या-गाण्यांचे पैसे यासाठी भांडत न बसता एकच गोष्ट मागितली, नाव. टीना टर्नर हे नाव मला पाहिजे. सोडलेल्या शोंच्या नुकसानीचं देणंसुद्धा अंगावर घेतलं, पण नाव घेतलं. मला वाटतं ती त्या खोलीतली सगळ्यात हिशोबी व्यक्ती होती, कारण ते नाव पोस्टरवर लागलं तरच तिकीट विकलं जाणार होतं.

मग काही वर्षं काय तर लास व्हेगास, हॉटेलांचे हॉल, टीव्हीवरचे गेम शो. चाळिशी ओलांडलेली, रेकॉर्ड कंपन्या विचारत नाहीत, आणि नवा मॅनेजर रॉजर डेव्हिस विचारतो की तुला नक्की काय हवंय, तर ही म्हणते मला स्टोन्ससारखी स्टेडियमं भरायचीयेत. त्या वेळी कोणी काळी बाई रॉक गाऊन स्टेडियमं भरत नव्हती. सांगायला नको, ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल!

न्यूयॉर्कमध्ये रिट्झ नावाचा क्लब होता, तिथे ती गायला लागली. १९८३ च्या सुरुवातीला ब्रिटिश रॉकस्टार डेव्हिड बोवीचा नवा अल्बम यायचा होता, रेकॉर्ड कंपनीची मोठी माणसं त्याला जेवायला-बिवायला न्यायला आलेली, आणि बोवी म्हणाला मला वेळ नाही, मी माझ्या आवडत्या गायिकेला ऐकायला चाललोय. झालं, सगळी वरात त्याच्या मागे रिट्झला. त्या रात्रीनंतर कंपनीची नजरच बदलली. त्याच वर्षी 'लेट्स स्टे टुगेदर' हे गाणं, पुढच्या वर्षी 'प्रायव्हेट डान्सर' हा अल्बम, आणि ज्या गाण्यावर तिचा सुरुवातीला अजिबात जीव नव्हता ते 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट' अमेरिकेत पहिल्या नंबरवर. तेव्हा ती ४४ वर्षांची. पण लक्षात घ्या, हे सगळं रेडिओमुळे सुरू झालं नाही, एका क्लबमधल्या लाइव्ह शोमुळे झालं.

१३ जुलै १९८५, फिलाडेल्फिया, लाइव्ह एड, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा मोठा कार्यक्रम. जॅगर आणि टीना, आणि गाता गाता जॅगर तिचा चामड्याचा स्कर्ट ओढून काढतो. जगभर टीव्हीवर दिसलं. तिला आधीच अंदाज होता, आत व्यवस्थित तयारी होती. तरीपण त्या क्षणी तिला बघा, एक पाऊल चुकत नाही, तशीच नाचत पुढे जाते. कपड्यांवरून सांगायचं तर तिची प्रत्येक गोष्ट कामाची होती, हे तिनेच मुलाखतीत सांगितलंय. आखूड ड्रेस कारण पाय मोकळे पाहिजेत, जाळीचे स्टॉकिंग कारण साधे स्टेजवर उसवत जातात, चामडं कारण त्यावर घाम दिसत नाही. आणि ते केस म्हणजे विग, साठच्या दशकात ब्लीचिंग बिघडून स्वतःचे केस गेले तेव्हापासून. मासिकवाल्यांनी याला सेक्सी लुक म्हटलं, तिच्यासाठी तो युनिफॉर्म होता.

१६ जानेवारी १९८८. रिओचं माराकाना स्टेडियम. १,८०,००० च्या आसपास लोक, सगळे तिकीट काढून आलेले, एकट्या कलाकारासाठी आलेली सगळ्यात मोठी गर्दी म्हणून गिनीज बुकात नोंद. दोन वर्षांनी बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीने त्याच स्टेडियममध्ये ते रेकॉर्ड मोडलं, मोडूदे. रॉजरला सांगितलेलं तिने करून दाखवलं होतं. या रेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट मला फार आवडते, एवढ्या गर्दीसमोरसुद्धा ती गाण्याआधीच्या गप्पा सोडत नाही. समोर अर्धं शहर आहे आणि ही क्लबमध्ये पुढच्या टेबलाशी बोलावं तशी बोलतेय.

मधेच एक पुण्याची गोष्ट सांगून टाकतो. टीना सत्तरच्या दशकापासून बौद्ध जप करायची, आइकला सोडायचं बळ त्यातून आलं असं म्हणायची. पुढे स्वित्झर्लंडला राहायला गेल्यावर तिथे 'बियाँड' नावाच्या प्रार्थनासंगीताच्या अल्बममध्ये तिचा आवाज आला, आणि त्या मालिकेत पुण्याच्या शास्त्रीय गायिका सावनी शेंडे-साठ्ये पण गायल्यात. शोधून ऐका.

फेब्रुवारी २००८ मध्ये ग्रॅमीच्या स्टेजवर बियॉन्सेबरोबर 'प्राउड मेरी' झालं, आणि ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटीपासून शेवटची टूर. ती ६९ ची होत होती. आता हिशोबाचं मी मघाशी म्हणालो ते इथे स्पष्ट दिसतं. शोला मध्यंतर होतं. मध्यंतरानंतर ती स्टुलावर बसून गायची, साध्या वाद्यांवर, निवांत. ज्या बाईला निवांत काही जमत नाही म्हणे! पण बसून गायलेली ती गाणी म्हणजे साठवण होती, पुढच्या धिंगाण्यासाठी. कारण शेवटाकडे 'नटबुश सिटी लिमिट्स' यायचं, तिने स्वतः आपल्या गावावर लिहिलेलं, १९७३ चं, आणि स्टेजमधून क्रेनसारखा एक लांबलचक हात निघून पब्लिकच्या डोक्यावर जायचा. आणि ही त्या हातावरून चालत जायची. उंच टाचांनी. गात. खाली हजारो लोक मान वर करून बघतायत आणि वर ही त्यांच्याकडून ओळी गाऊन घेतेय, तुम्ही म्हणा, परत म्हणा, अजून जोरात. आजी वयाची बाई हो.

५ मे २००९ ला इंग्लंडमध्ये शेफील्डला ती टूर संपली आणि तिने खरोखरच थांबवलं. बरेच जण निरोपाची टूर तीन-तीनदा करतात, हिने नाही केली. त्यानंतर आजारपणं आली, स्ट्रोक, किडनी, दुसऱ्या नवऱ्याने स्वतःची किडनी दिली. २०२१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एकटीच्या नावाने गेली, याआधी १९९१ मध्ये आइकबरोबर घेतलं होतं. २४ मे २०२३ ला झुरिकजवळच्या क्युस्नाख्टमध्ये ती गेली, ८३ वर्षांची.

बघायला सुरुवात करणार असाल तर 'प्राउड मेरी'च तीनदा बघा. एकदा सत्तरचं, एकदा रिओचं, एकदा २००९ मध्ये आर्नहेमला शूट झालेलं. पहिल्यात आइकचा आवाज खाली आहे, पुढच्या दोन्हीत नाही, आणि गाण्याला त्याने काही कमी पडलंय का ते तुम्हीच सांगा. मोबाइलच्या स्पीकरवर नका ऐकू, शेजाऱ्यांना एक दिवस सहन करू दे.