मांडीवरचा नकाशा

[दृश्य: वॉशिंग्टनचे रस्ते, इमारतींतून बाहेर धावणारी माणसं]

११ मे २००५. वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा वाजून गेले होते. अचानक व्हाइट हाउस आणि संसदेची इमारत रिकामी करायची एकच धावपळ उडाली. वर एफ-१६ लढाऊ विमानं इशाऱ्याचे फ्लेअर सोडत होती. आणि हे सगळं ज्याच्यामुळे चाललं होतं, ते विमान होतं सेस्ना १५०. दोन सीटचं, एका पंख्याचं. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा विमानतळावरून नॉर्थ कॅरोलायनाकडे निघालेलं. आत दोघंजण, त्यातला एक अजून शिकाऊ. घातपाताचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. ते वाट चुकले होते. चुकत चुकत व्हाइट हाउसपासून जेमतेम तीन मैलांवर येऊन ठेपले होते.

आयपॅड बाजारात यायला तेव्हा पाच वर्षं होती.

[दृश्य: अरुंद कॉकपिट, मांडीवर उलगडलेला कागदी नकाशा]

रस्त्यावर वाट चुकली तर गाडी कडेला घेता येते. टपरीवर उतरून विचारता येतं. विमान थांबत नाही. तुम्ही नकाशात डोकं घालून बसता त्या प्रत्येक मिनिटाला सेस्ना १७२ सारखं साधं चार सीटचं विमान साडेतीन किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं.

अमेरिकेत छोट्या विमानांचे वैमानिक जो कागदी नकाशा वापरतात, त्याला सेक्शनल म्हणतात. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच किलोमीटर. त्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची, दर दहा मैलांवर खूण करायची, मग ई-सिक्स-बी नावाच्या गोल स्लाइड रूलवर, म्हणजे हिशोबाच्या फिरत्या तबकडीवर, वाऱ्याचा हिशोब मांडायचा. वेग १०० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) आणि वारा डावीकडून आडवा २० नॉट असेल, तर विमानाचं नाक साधारण ११-१२ अंश डावीकडे धरून उडायचं, म्हणजे ते रेघेवर राहतं. हे विसरलात तर तासाभरात तुम्ही रेघेपासून ३७ किलोमीटर उजवीकडे गेलेले असता. बारामती, गोंदिया किंवा धुळ्याला विमान शिकलेल्या मुलामुलींना हा हिशोब चांगला ठाऊक आहे.

आणि हे सगळं करायचं कुठे? खांद्याला खांदा लागेल एवढ्याशा कॉकपिटमध्ये. नकाशा पूर्ण उलगडला तर समोरची काच झाकली जाते. घडी बदलायला दोन्ही हात लागतात, आणि एक हात तर योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर हवा.

[दृश्य: डोंगराळ वायोमिंग, बर्फ, रेल्वेचे रूळ]

या नकाशांच्या गोष्टीत एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. एलरे जेपसेन. १९३० च्या सुमारास तो सॉल्ट लेक सिटी ते शायेन या मार्गावर टपाल घेऊन उडायचा. डोंगर, धुकं, बर्फ, आणि वैमानिकांच्या हातात जवळपास काहीच नाही. खाली दिसणारे रेल्वेचे रूळ धरून उडायचं, हाच बऱ्याच जणांचा मार्ग. सोबतचे वैमानिक मरत होते. जेपसेननं दहा सेंटची एक वही विकत घेतली आणि दिसेल ते टिपायला सुरुवात केली. कुठलं शेत उतरण्याजोगं आहे, धावपट्टी किती लांब, कडेला तारा आहेत का. सुट्टीच्या दिवशी तो उंची मोजायचं यंत्र घेऊन टेकड्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर स्वतः चढायचा. वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही त्यानं वहीत लिहून ठेवले होते, हवा कशी आहे हे विचारता यावं म्हणून. इतर वैमानिक त्या वहीची नक्कल मागू लागले, तेव्हा १९३४ मध्ये त्यानं ती छापून विकायला काढली. किंमत दहा डॉलर.

पुढची कित्येक दशकं जगभरचे वैमानिक जेपसेनचे नकाशे घेऊन उडाले. दर थोड्या दिवसांनी पाकीट यायचं, आत पातळ कागदाची सुधारित पानं. जुनी काढायची, नवी लावायची, हातानं, एकेक. एखादं पान लावायचं राहिलं तर बदललेली उंची किंवा बंद झालेला रेडिओ मार्गदर्शक हवेत गेल्यावर कळायचा. हे काम किती जणांनी रात्री जेवणानंतर टेबलावर बसून, डोळे चोळत केलं असेल, याचा विचार केला की त्या माणसांबद्दल आदरच वाटतो.

[दृश्य: योकवर बसवलेला टॅबलेट, नकाशावर सरकणारं छोटं निळं विमान]

एप्रिल २०१० मध्ये आयपॅड आला. वजन पाऊण किलोच्या आत. तोवर चालता नकाशा, म्हणजे विमानाची जागा दाखवत सरकणारा नकाशा, ही मोठ्या विमानांची, किंवा पॅनेलमध्ये महागडी यंत्रं बसवून घेऊ शकणाऱ्यांची चैन होती. छोटी विमानं पुष्कळदा चाळीस-पन्नास वर्षं जुनी असतात. पॅनेलमध्ये काहीही कायमचं बसवायचं तर प्रमाणित यंत्र, परवानगी, मेकॅनिक, मोठा खर्च. टॅबलेट मात्र तुम्ही पिशवीतून आणता आणि पिशवीतून परत नेता. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं खासगी वैमानिकांसाठी २००७ मध्येच मार्गदर्शन काढलेलं होतं: कागदाऐवजी पडदा चालेल, माहिती ताजी आहे की नाही ही जबाबदारी तुमची. फोरफ्लाइट, गार्मिन पायलट, युरोपात स्कायडेमन, या नकाशांच्या ॲपची नावं हां हां म्हणता हँगरमधल्या गप्पांत रुळली.

जरा जवळून बघा. पडद्यावर तोच सेक्शनल, पण त्यावर तुमचं विमान सरकतंय. पुढचा डोंगर तुमच्या उंचीपेक्षा वर असेल तर लाल. वॉशिंग्टनभोवतीची निर्बंधांची हद्द ठळक काढलेली, आणि तिच्या जवळ गेलात तर ॲप आधीच सावध करतं. २००५ च्या त्या दोघांकडे एवढं असतं तर ती दुपार वॉशिंग्टनकरांच्या लक्षातही राहिली नसती.

बारीकसारीक गोष्टीही सांगायला हव्यात, कारण माणसं इथेच फसतात. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. ती सिमकार्डवाल्या मॉडेलमध्येच येते. पैसे वाचवायला पहिला घेतला, की नकाशा दिसतो, त्यावरचं विमान दिसत नाही. मग वेगळा जीपीएस जोडावा लागतो. नकाशे निघण्याआधी डाउनलोड करायचे, कारण वर मोबाइलचं नेटवर्क भरवशाचं नसतं. आणि ऊन. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलाय. उन्हाळ्यात काचेला चिकटवून ठेवला की पडदा काळा होतो आणि तापमानाची सूचना झळकते. नेमका उतरायच्या वेळी. म्हणून शहाणे वैमानिक तो सावलीत, हवेच्या झोताजवळ लावतात, आणि तेच ॲप खिशातल्या फोनमध्येही ठेवतात.

[दृश्य: पडद्यावर पावसाचे हिरवे, पिवळे, लाल ठिपके, बाहेर काळा ढग]

यापेक्षा मोठा धोका मात्र गरम न होणाऱ्या, नीट चालणाऱ्या पडद्यात आहे. छोट्या रिसीव्हरनं जमिनीवरच्या केंद्रांकडून पावसाचं रडारचित्र थेट टॅबलेटवर येतं. कोपऱ्यात लिहिलेलं असतं, चित्र अमुक मिनिटं जुनं. वैमानिक त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. पण तो आकडा चित्र जोडून तयार झालं तेव्हापासून मोजलेला असतो. त्याआधी रडारनं आकाश चाळायला वेळ घेतलेला असतो, अनेक रडारांची चित्रं एकत्र करायला आणखी वेळ गेलेला असतो. जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं बजावून सांगितलं: चित्रातला पाऊस त्या आकड्यापेक्षा आणखी १५ ते २० मिनिटं जुना असू शकतो.

पंधरा मिनिटं म्हणजे सेस्नासाठी पंचावन्न किलोमीटर. पुण्याहून निघून लोणावळा गाठण्याएवढं अंतर. तेवढ्या वेळात वादळ स्वतःही सरकतं, फुगतं, दोन ढगांमधली फट बुजवून टाकतं. पडद्यावर जी मोकळी वाट दिसते, ती वाट असलेलं आकाश मागेच संपलेलं असतं. म्हणून त्या रंगांवरून एवढंच ठरवायचं की त्या बाजूला जायचंच नाही, लांबून वळसा घालायचा. दोन लाल ठिपक्यांमधून सुई ओवायला ते चित्र नाही. हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला एकदा नाही, दहादा सांगायला हवं.

[दृश्य: सपाट शेतं, दुपारचं ऊन, कॉकपिटमध्ये शिकाऊ वैमानिक आणि इन्स्ट्रक्टर]

चांगले इन्स्ट्रक्टर शिकवताना एक गोष्ट हमखास करतात. उड्डाण मध्यावर आलं की हात पुढे करून टॅबलेट उलटा ठेवतात. "गेला बंद पडून. आता सांग, आपण कुठे आहोत?"

सुरुवातीला शिकाऊ वैमानिक त्या उलट्या पडद्याकडेच बघत राहतो. मग घड्याळ बघतो. शेवटच्या खुणेपासून किती मिनिटं झाली, वेग किती, म्हणजे किती मैल. बोट कागदावर फिरतं. इथे कुठेतरी एक नदी हवी, तिच्या पलीकडे रेल्वे, आणि रूळ जिथे वळतात तिथे एक गाव. तो मान वर करतो आणि बाहेर शोधू लागतो. नदी डावीकडे अपेक्षेपेक्षा लांब आहे. म्हणजे वाऱ्यानं उजवीकडे ढकललंय. नाक पाच अंश डावीकडे.

अमेरिकेतल्या कितीतरी गावांमध्ये पाण्याच्या उंच टाकीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं. विमान एक सौम्य वळण घेतं. पंख खाली झुकतो, आणि पंखाच्या टोकापलीकडे ती पांढरी टाकी उन्हात चमकते. शिकाऊ वैमानिक डोळे बारीक करून अक्षरं वाचतो, कागदावर पेन्सिलीनं वेळ लिहितो.

इन्स्ट्रक्टर टॅबलेट सुलटा करतो. निळं विमान त्याच गावावर आहे.