अंड्यात दडलेला रंग

डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं खनिज, आणि त्यात एकमेकांना चिकटलेली कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या सापाची अंडी. यांचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. चामड्यासारखं असतं, बोटानं दबतं. वरच्या ओठाशी आलेल्या इवल्या दातानं पिल्लू आतून ते चिरतं. ही चीर पडली... आणि हे डोकं. अंगावर काळ्याचा ठिपकाही नाही. डोळे लाल.

आता आईबाप पाहा. नारिंगी अंग, पाठीवर काळ्या कडांचे तांबडे डाग. दोघेही अगदी नेहमीचे.

काळा रंग बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी शाबूत प्रत काम चालवून नेते. असा साप दिसायला साधा, पण बिघडलेली प्रत बाळगून असतो. पैदास करणारे त्याला 'हेट' म्हणतात. इथे आई हेट, बापही हेट. दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत आली, तर पिल्लू अल्बिनो, म्हणजे काळ्या रंगाविना निघतं. प्रत्येक पिल्लासाठी ही शक्यता २५ टक्के. प्रत्येक अंड्यात डाव नव्यानं पडतो, त्यामुळे बारा अंड्यांत तीन मोजून निघतीलच असं नाही. एकही न निघालेली वीण पाहून चेहरे पडतातच!

बर्नार्ड आणि एलिझाबेथ बेक्टेल या दांपत्यानं कॉर्न स्नेकच्या जोड्या लावून हे गणित १९६२ साली मांडलं. बिघाड नेमका कुठला, हे कळायला २०१५ उजाडलं. ओसीए२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसला होता.

आणि हा जवळजवळ पांढरा, 'स्नो'. याच्यात काळा नाही आणि लालही नाही. दोन वेगळी अप्रभावी जनुकं, म्हणजे दोन्ही प्रती तशाच असल्या तरच परिणाम दाखवणारी. इथे दोन्ही जोडीनं आलेली. दोन्हींसाठी हेट असलेल्या जोडीकडून असं पिल्लू मिळण्याची शक्यता सोळात एक. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवाव्या लागतात. कित्येकदा पिल्लू वाढवून आईशीच जुगवतात. जवळच्या नात्यातल्या अशा विणींतून दुबळी पिल्लंही येतात.

शेवटचं अंडं फुटतंय. करडं-तपकिरी पिल्लू, चारचौघांसारखं. डब्यावर चिठ्ठी लागते, '६६ टक्के हेट', कारण अशा साध्या दिसणाऱ्या तीन भावंडांत सरासरी दोघं बिघडलेली प्रत बाळगून असतात. आठ-दहा दिवसांत ते पहिली कात टाकेल. ते हेट आहे का हे पाहायला तिचा एक तुकडा तपासणीला जाईल.