टेक्सासचा बर्फ आणि आपली माळवदं

(हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बर्फ पडला. हा आपल्यासारखाच उन्हाचा आणि कापसाचा मुलूख. तिथल्या २५४च्या २५४ काउंट्यांना, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यांना, एकाच वेळी हिमवादळाचा इशारा होता. डॅलसमध्ये पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला. पंचेचाळीस लाखांवर घरा-दुकानांची वीज गेली. सरकारी नोंदीप्रमाणे २४६ माणसं दगावली. कुणी राहत्या घरात गारठून गेलं, तर कुणी ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली आणि तो विषारी धूर कोंडून गेलं. तेल आणि गॅस उशाशी असलेल्या राज्यात हे घडलं.

माझी सगळी नोकरी वीज उपकेंद्रांत गेली. त्यामुळे मला आधी जाणून घ्यायचं होतं की नेमकं बंद काय पडलं.

वीज केंद्रात पाण्याच्या मोठ्या पाइपाला एक बारीक नळी जोडलेली असते. ती दाब मोजणाऱ्या उपकरणापर्यंत जाते. तिच्यातलं पाणी वाहत नाही, जागच्या जागी उभं असतं, म्हणून ते आधी गोठतं. ते गोठलं की उपकरण भलताच दाब दाखवतं आणि संरक्षण यंत्रणा वीज बनवणारा संच बंद करते. संच धडधाकट, पण बंद! १५ फेब्रुवारीच्या पहाटे साउथ टेक्सास अणुवीज केंद्राचा एक संच असाच गेला. अशा नळीला जाड आवरण घालतात, गरम राहणारी वायर गुंडाळतात. काम एवढंसंच असतं.

वीज केंद्रांना इंधन म्हणून लागणाऱ्या गॅसचं दुखणं याहून मोठं. विहिरींच्या तोंडाशी पाणी गोठलं आणि गॅस आटला. त्यात लोडशेडिंग सुरू झालं आणि गॅस पुढे ढकलणाऱ्या काही कॉम्प्रेसरांचीच लाइन कापली गेली, कारण ‘यांची वीज तोडू नये’ अशा यादीत त्यांची नावंच नव्हती. गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गॅस नाही. टेक्सासचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ तुटलेलं, त्यामुळे बाहेरून फारशी मदतही येईना. मागणीपुढे वीज कमी पडली की विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे तिचा ठोका, मंदावतो; तो ६० वरून ५९.३ हर्ट्झवर घसरला. आणखी साडेचार-पाच मिनिटं तो तसाच राहिला असता, तर जवळपास सगळं राज्य अंधारात गेलं असतं.

आता हे बांधलं असं का? तिथल्या बऱ्याच केंद्रांत बॉयलर आणि टर्बाइन उघड्यावर असतात. थंड प्रदेशात त्यांच्याभोवती भिंती असतात, टेक्सासमध्ये उष्णता कोंडू नये म्हणून भिंतीच घातल्या नाहीत. उन्हाळ्याचा विचार पक्का होता.

आपणही तेच केलं. दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडाचं माळवद, म्हणजे सपाट छत, त्यावर पांढरी माती. चैतात-वैशाखात आत कसं गार वाटतं! गळती लागली की माती चढवायची, वर्षानुवर्षं चढवत राहायचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री थकून झोपलेल्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीवर, आजूबाजूच्या गावांवर भूकंपात तीच माती कोसळली. तेव्हाच्या नकाशात तो भाग भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात होता.

मला सगळ्यांत जास्त सलतं ते पुढचं. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०११ मध्येही असाच गारठा पडला होता, संच बंद पडले होते. चौकशी झाली, केंद्रं थंडीसाठी सज्ज करा असा अहवाल आला. सक्ती मात्र झाली नाही. ती झाली २०२१ मध्ये, माणसं गेल्यावर. किल्लारीच्या परिसरातही १९९२ मध्येच धक्के बसत होते. लोक घाबरले होते, बोलत होते. त्या वर्षभरात माळवदांवरची थोडी माती जरी उतरली असती, तरी कितीतरी जीव वाचले असते, असं मला आजही वाटतं.

म्हणून हे मी हिंगोलीत बोलतोय. तुमच्या जिल्ह्यात मार्च २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, जुलैत पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेची माणसं जमिनीतून येणारे आवाज कित्येक वर्षं सांगताहेत. पुढे मोठा भूकंप होईलच असं कुणीही सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण पत्र्यांवर ठेवलेले दगड उद्या सकाळी उतरवता येतात. पत्रे हुक-बोल्टनं आवळता येतात. नवी भिंत बांधताना दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा अखंड पट्टा गवंड्याकडून घालून घेता येतो.

इथे तंत्रनिकेतनाची मुलं बसली आहेत. बाळांनो, आपापल्या गावातली माळवदं मोजा, कुठे किती माती आहे ते लिहा आणि यादी ग्रामसभेत ठेवा. मृगाच्या आधी ठेवा, कारण लोक नवी माती चढवतात ती त्याच सुमारास.