व्याजदराचा लांबचा हिशेब

[दृश्य: एका शोधनिबंधाचं पहिलं पान. कॅमेरा सावकाश खाली, तळटीपेपर्यंत येतो.]

मध्यवर्ती बँकेच्या अर्थतज्ज्ञाने लिहिलेला शोधनिबंध उघडला की पहिल्याच पानावर, सगळ्यात खाली, बारीक टायपातली एक ओळ हमखास दिसते. इथली मतं लेखकांची आहेत, ती बँकेची असतीलच असं नाही. ओळ रुक्ष आहे, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून आहे. बँकेच्या पगारावरचा माणूस बँकेच्याच धोरणाकडे बोट दाखवतो, ते या ओळीच्या आडोशाने.

आणि याच आडोशाने एक जुना समज चांगलाच खिळखिळा झालाय.

समज असा, की व्याजदर वाढवले म्हणजे कर्ज महागतं, खरेदी आणि गुंतवणूक थंडावते, महागाई उतरते. वर्ष-दोन वर्षं ओढाताण होते, काहींच्या नोकऱ्या जातात. मग अर्थव्यवस्था पुन्हा आपल्या वाटेला लागते. ती वाट ठरते तंत्रज्ञानावर, कसबावर, थोडक्यात उत्पादकतेवर. आणि उत्पादकता हे काही मध्यवर्ती बँकेचं खातं नव्हे. पाठ्यपुस्तकं याला म्हणतात, दीर्घकाळात पैसा तटस्थ असतो.

[दृश्य: जुनी यंत्रशाळा, कृष्णधवल.]

मुळात उत्पादकता मोजतात कशी? 1957 साली अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेची 1909 ते 1949 ही चाळीस वर्षं तपासली. कामाच्या एका तासामागचं उत्पादन या काळात जवळपास दुप्पट झालं होतं. यंत्रं आणि इमारती वाढल्यामुळे त्यातलं किती वाढलं? जेमतेम आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से त्यांनी ‘तांत्रिक बदल’ या नावाखाली टाकले. म्हणजे उत्पादकता थेट मोजली जातच नाही, बाकी सगळं वजा केल्यावर जे उरतं ती उत्पादकता. वर्षभर आधीच मोझेस अब्रामोविट्झ यांनी अशा उरलेल्या भागाला ‘आपल्या अज्ञानाचं माप’ म्हटलं होतं. मला हे नाव अजूनही जास्त प्रामाणिक वाटतं.

आता या मापावर व्याजदराचा परिणाम होतो का, हे शोधायचं. इथे खरी अडचण येते. बँक दर वाढवते तीच मुळी अर्थव्यवस्था तापलेली असते म्हणून, आणि घटवते ती गारठल्यावर. नुसते आकडे शेजारीशेजारी मांडले तर वाटेल, दर कमी केल्यामुळेच मंदी आली.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. सेकंदकाटा.]

यावरचा एक तोडगा म्हणजे अर्धा तास. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे ‘फेड’, या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा निर्णय जाहीर होण्याच्या दहा मिनिटं आधीपासून वीस मिनिटं नंतरपर्यंत वायदेबाजारात काय हललं, तेवढंच पाहायचं. इतक्या थोड्या वेळात दुसरी मोठी बातमी सहसा येत नाही. त्यामुळे भाव हलला, तर तो निर्णयातल्या अनपेक्षित भागामुळेच.

पण अर्ध्या तासाच्या पट्टीने दहा वर्षं मोजायची म्हटली तर मोठीच कसरत होते. फेडच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रादेशिक बँकेचे ऑस्कर जोर्दा यांनी संजय सिंह आणि अॅलन टेलर यांच्यासोबत दुसरी वाट धरली. एखाद्या देशाने आपलं चलन दुसऱ्या देशाच्या चलनाला बांधलंय आणि भांडवलाला ये-जा करायला मोकळीक आहे. मग त्या दुसऱ्या देशाने दर वाढवला की याला तो वाढवावाच लागतो, घरची परिस्थिती काहीही असो. हा दर घरच्या कारणाने वाढलेला नाही, म्हणून त्याचा परिणाम वेगळा काढता येतो. सतरा प्रगत देश, शंभराहून अधिक वर्षांची आकडेवारी. निष्कर्ष असा, की दरवाढीनंतर दहा वर्षं उलटली तरी उत्पादन जुन्या वाटेवर येत नाही. लोक कामावर परततात, कामाचे तास भरून निघतात. भरून निघत नाही ते भांडवल आणि उत्पादकता. त्यातही दोन्ही दिशांचा परिणाम सारखा नाही. दरवाढीचा व्रण राहतो, पण दरकपातीने तेवढी भर पडत नाही.

मग दर कायम खालीच ठेवावेत का? उत्तर इतकं सरळ असतं तर या माहितीपटाची गरजच पडली नसती.

[दृश्य: बँकेतलं टेबल. दोन फायली.]

एका कर्ज अधिकाऱ्यासमोर दोन अर्ज आहेत, असं समजा. पहिला जुन्या कंपनीचा. जमीन आहे, इमारती आहेत, तारण भरभक्कम, पण धंदा रेंगाळलेला. दुसरा नव्या कंपनीचा. काम करण्याची पद्धत सरस, पण गहाण ठेवायला काही नाही. पैसा स्वस्त झालाय, कर्ज वाटायचंय. सही कोणत्या फायलीवर होईल?

स्पेनमध्ये नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. युरो येण्याच्या सुमारास तिथले व्याजदर घसरले, पैशाचा ओघ वाढला. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 ते 2012 या काळातल्या कारखानदारी कंपन्यांचे ताळेबंद तपासले. भांडवल गेलं ते ज्यांचं नक्त मूल्य, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, जास्त होतं त्यांच्याकडे, आणि त्याच सर्वांत उत्पादक कंपन्या होत्या असं नव्हतं. पैसा आला, उत्पादकता मात्र गळत राहिली.

जपानची गोष्ट त्याहून चमत्कारिक. 1990च्या दशकात बुडीत कर्जं वहीत दाखवायला नकोत, म्हणून बँका त्याच कंपन्यांना पुन्हा पुन्हा कर्ज देत राहिल्या. रिकार्डो काबायेरो, ताकेओ होशी आणि अनिल कश्यप यांनी 2008 साली दाखवलं, की अशा कर्जावरच तगलेल्या ‘झोंबी’ कंपन्या ज्या उद्योगांत जास्त, तिथे धडधाकट कंपन्यांचीही गुंतवणूक आणि नोकरभरती आखडली. पुढे बाझेलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने, म्हणजे मध्यवर्ती बँकांच्या बँकेने, 14 प्रगत देशांतल्या अशा कंपन्यांची मोजणी केली. कंपनी किमान दहा वर्षं जुनी आणि सलग तीन वर्षं कमाईतून व्याजही सुटत नाही, अशी व्याख्या. प्रमाण 1980च्या दशकाअखेरीस सुमारे 2 टक्के होतं, 2016 मध्ये सुमारे 12. याचा सगळा दोष स्वस्त पैशावर टाकता येत नाही, कमकुवत बँकांचाही हात आहे. पण दर खाली असले की अशा कंपनीवरचा दबाव कमी होतो, हे या मोजणीच्या निबंधात स्पष्ट आहे.

म्हणून दर चढा की उतरता, या वादाला मी थोडा कंटाळलोय. कर्ज कोणाच्या हातात पडलं, हे विचारलं तर निदान काही हाती लागतं.

[दृश्य: वायोमिंगमधले डोंगर, पायथ्याशी विश्रामगृह.]

जॅक्सन होल. कॅन्सस सिटी फेडची वार्षिक परिषद इथे भरते. ऑगस्ट 2023 मध्ये, दर झपाट्याने वाढलेले असताना, युएरान मा आणि कास्पर झिमरमान यांनी इथे एक निबंध मांडला. व्याजदर अनपेक्षितपणे एक टक्क्याने वाढला, तर पुढच्या एक ते तीन वर्षांत संशोधनावरचा खर्च 1 ते 3 टक्के घटतो आणि नवउद्योगांतलं साहसी भांडवल (व्हेंचर कॅपिटल) सुमारे 25 टक्के. महत्त्वाच्या तंत्रज्ञानातली पेटंटं दोन ते चार वर्षांत 9 टक्क्यांपर्यंत कमी होतात. समोर बसले होते दर ठरवणारेच.

[दृश्य: फेडच्या अंदाजांचा छापील तक्ता.]

फेडच्या समितीचे सदस्य वर्षातून चार वेळा आपले अंदाज एका तक्त्यात मांडतात. विकासदर, बेकारी, महागाई, व्याजदर. चालू वर्षाचा रकाना, मग पुढच्या वर्षांचे. शेवटी, थोडा बाजूला, आणखी एक रकाना असतो, ‘दीर्घकाळ’. तिथे विकासदराचा आकडा भरताना आज ठरवलेल्या दराचा हिशेब धरायचा नसतो.