सांताक्रूझचा फुगा

(दृश्य – पहाट, वेधशाळेचं आवार, दिव्याखाली बंद दार)

मुंबई, सांताक्रूझ. पहाटेचे पाच वाजत आलेत. जगभरातल्या शेकडो केंद्रांवर याच सुमाराला वरची हवा मोजणारे फुगे सुटायचे आहेत. ग्रीनिच प्रमाणवेळेत मध्यरात्र, आपल्याकडे साडेपाच: या वेळेची नोंद सगळ्यांनी एकदमच घ्यायची, असा नियम आहे. संध्याकाळी पुन्हा तेच.

(दृश्य – फुगा भरताना, हातांचा क्लोजअप)

आत हायड्रोजन आहे. ठिणगीची शक्यता असलेली कुठलीही वस्तू दाराबाहेर ठेवायची, मोबाइलसुद्धा. रबर पातळ, नख लागलं तरी फुगा वाया जायचा. गॅस कमी पडला तर तो वर जाताना रेंगाळतो, जास्त झाला तर लवकर फुटतो. म्हणून घाई नाही.

फुग्याच्या दोरीला बांधलेली ही डबी म्हणजे रेडिओसोंड, वरच्या हवेच्या नोंदी रेडिओवरून खाली पाठवणारं यंत्र. बाहेर डोकावणारी बारीक काडी तापमान आणि आर्द्रता मोजते. वारा मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. फुगा कुठे वाहत गेला ते जीपीएस सांगतं, आणि तोच वारा.

(दृश्य – फुगा सुटतो. नैसर्गिक आवाज राहू द्यावा.)

मिनिटाला साधारण तीनशे मीटर. पावसाळ्यात त्याचा मार्ग बघण्यासारखा असतो. समुद्रावरून येणारा वारा आधी त्याला ठाण्याच्या दिशेला ढकलतो. बऱ्याच उंचीवर गेला की वारा उलटा होतो, आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा जोरकस झोत त्याला परत अरबी समुद्राकडे ओढतो. हा झोत १९५०च्या दशकात जगापुढे मांडला तो आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी.

(दृश्य – संगणकाचा पडदा, वर सरकणारी रेघ)

आता ही रेघ बघा. उंची वाढेल तशी थंडी वाढते. सतरा किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ऐंशीपर्यंत उतरतं आणि तिथून रेघ वळते, वर पुन्हा ऊब लागते. वळणाखाली तपांबर, वर स्थितांबर.

१९६७ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरॉल्ड यांनी गणित करून सांगितलं, की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचा थर तापेल आणि वरचा थंड होईल. तापमानवाढ सूर्यामुळे असती तर दोन्ही थर तापायला हवे होते. पुढची काही दशकं असेच फुगे सुटत राहिले, १९७९ पासून उपग्रहही जोडीला आले, आणि नोंदी गणिताप्रमाणेच निघाल्या. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही त्यात वाटा आहे. त्याहून वरची थंडी मात्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची. मानाबेंना २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फुगे सोडणाऱ्यांना कधी काही मिळाल्याचं ऐकिवात नाही.

टीव्हीवर हवामान बदल खरा की खोटा यावर तासभर भांडणं चालतात. त्यात ही रेघ कुणी दाखवत नाही. एखाद्या दिवसाच्या रेघेतून काही सिद्ध होत नाही, हेही खरं. ती रोज, त्याच वेळी, त्याच पद्धतीने काढली जाते, यातच तिची सगळी किंमत आहे. मधली पाच वर्षं गाळली तर ती मागाहून पैसे टाकून भरता येत नाहीत.

(दृश्य – आवारातलं पर्जन्यमापक)

हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सांताक्रूझनेच २६ जुलै २००५ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कुलाब्यात त्या दिवशी शंभरही नव्हता.

(दृश्य – उघडा नाला, पंपिंग स्टेशन)

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. त्या ५०च्या करायची शिफारस १९९३ची. कामाला वेग आला तो २००५ नंतर.